लॉग हवेतच संपतो

शेवटची नोंद सात वाजून बारा मिनिटांची.
उंची एकेचाळीस मीटर. कल नाही, हेलकावा नाही.
बॅटरी पंधरा पूर्णांक एक व्होल्ट.
त्यापुढे फाइल कोरी.

पडणं कुठेच लिहिलेलं नाही.
म्हणजे पडताना त्याला शुद्ध नव्हती.

एक मोटर गेली असती तर गिरकी दिसली असती,
वारा असता तर त्याच्याशी झालेली झटापट.
इथे चालत्या वाक्यातून
कुणी उठून निघून जावं, तसं.

कुशवाह म्हणतो, मांजा होगा, मैडम.
संक्रांत परवाच झाली, हे खरं,
हजिऱ्याच्या गच्च्यांवरून अजून चिनी मांजा लोंबतोय.
स्वर्णरेखेच्या काठावर धुकं होतं, तेही खरं.
नाल्याचा नकाशा सोमवारपर्यंत द्यायचा होता
आणि आज गुरुवार.
सहा हातांपैकी चार त्यानं पोत्यातून आणलेत,
उरलेले दोन त्याचा भाचा चिखलात शोधतोय.

दौलतगंजात, माझ्या टेबलावर,
मी बॅटरीपासून सुरुवात करते.
चार सेल, चारही तीन पूर्णांक नऊच्या आसपास.
पण मीटरपुढे सगळेच शहाण्यासारखे वागतात,
काम सांगून बघावं लागतं.
म्हणून जुन्या मारुतीचा हेडलाइट जोडला.
भक्कन पेटला. पाच मिनिटं, दहा मिनिटं.
बॅटरी सुटली.

मग तोच दिवा मुख्य वायरीच्या पुढे.
पेटला.
अंगठ्यानं वायर जराशी दाबली.
विझला.
सोडली, पेटला.
कुशवाह मागे चहाचा ग्लास धरून उभा होता.
मी पुन्हा दाबली, त्याला दिसावं म्हणून
की मला दिसू नये म्हणून, कोण जाणे.

ब्लेडनं काळी नळी चिरली.
आत लाल वायर, आणि तिच्या टोकाला
राखेच्या रंगाचा, खडबडीत डाख.
चांगला डाख नव्या नाण्यासारखा लकाकतो.
हा नुसता चिकटून बसला होता,
लग्नघरी ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा.

ती नळी मीच चढवलेली.
अठरा डिसेंबर, रात्री साडेनऊ.
डाख नुकता वितळू लागला आणि लाइट गेले,
अख्ख्या गल्लीचे.
मोबाइलच्या उजेडात,
सोल्डरिंग आयर्नच्या उरल्यासुरल्या उबेवर
मी तो सांधा उरकला.
बोटं गारठली होती, घर गाठायचं होतं.
लाइट वीस मिनिटांनी आले.
मला ते जिन्यात भेटले.

तेवीस उड्डाणं टिकला तो सांधा.
हे मला जास्त छळतं.

फॉर्मवर "अपघाताचे कारण" पुढे
एकच आखूड रेघ आहे.
मांजा दोन अक्षरांत बसतो.
विम्यालाही चालतो.

क्या निकला, कुशवाहनं विचारलं.
टांका, मी म्हणाले. मेरा वाला.

तो हसला नाही, चिडलाही नाही.
ग्लास ठेवला, भाच्याला फोन लावला:
बाकी दो रहने दे, ठंड है, आ जा वापस.

नवा डाख देताना राळेचा धूर डोळ्यांत गेला.
गफूरचाचांकडे रेडिओ शिकत होते तेव्हा
पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच शिकवलेलं:
गरम सांध्यावर फुंकर मारायची नाही.
घाईत माणूस फुंकतो,
आणि आत जो तडा राहतो तो
त्या दिवशी दिसत नाही.

मी वायर पकडीत धरून बसले.
लाइट होते.
बोटाला थोडा चटका बसला, बसू दिला.
मग ओढून पाहिली.
मग पुन्हा एकदा, जोरात.